ॲरॉनचं डावीकडचं वळण

बाप्टिस्ट तुस्कानोचा मुलगा अमेरिकेत फुटबॉल खेळतो ही गोष्ट अबुधाबीतल्या यच्चयावत वसईकरांना ठाऊक होती. पण तो फुटबॉल म्हणजे नेमका कुठला, हे मात्र बाप्टिस्टला दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागे.

"पायाने नाही हो, हाताने. लांबुडका बॉल असतो तो. डोक्याला हेल्मेट, खांद्यांवर पॅड."

"मग त्याला फुटबॉल कशाला म्हणायचं?"

इथे बाप्टिस्ट विषय बदलायचा.

तो स्वतः खरा फुटबॉल खेळलेला माणूस. वसईजवळच्या गास गावचा. तरुणपणी नाताळच्या टुर्नामेंटमध्ये चर्चच्या मैदानावर लेफ्ट बॅकला उभा राहायचा, आणि त्याच्या बाजूने बॉल काढून नेणं म्हणजे खायचं काम नव्हतं, असं जुनी माणसं सांगत. पुढे लग्न झालं, गल्फची वाट धरली आणि एका ऑइल कंपनीच्या स्टोअर्समध्ये व्हॉल्व्ह नि गॅस्केटं सांभाळता सांभाळता केस पांढरे झाले. बायको ॲडेलिन अमेरिकन शाळेच्या ऑफिसात होती. त्यामुळे ॲरॉन आणि ॲमंडा या दोन्ही मुलांना तिथे सवलतीत शिकता आलं, नाहीतर त्या शाळेचं फाटक तुस्कानोंनी बाहेरूनच बघितलं असतं.

ॲरॉन लहानपणापासून धावण्यात पहिला. त्या जोरावर त्याला ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात स्कॉलरशिप मिळाली. तिथे दुसऱ्या वर्षी फुटबॉलच्या कोचने त्याला ट्रॅकवर पाहिलं आणि आपल्याकडे ओढून घेतलं. तेव्हापासून तो कॉर्नरबॅक झाला.

हा कॉर्नरबॅक काय प्रकार आहे ते बाप्टिस्टने मुलाने पाठवलेल्या कॅसेटी बघून बघून समजून घेतलं होतं. ऑफिसातल्या शैलेंद्रला तो रंगात येऊन सांगायचा, "असं समज, समोरून एक गडी सुसाट येतोय. तो कुठे वळणार ते त्याला ठाऊक, तुला नाही. तो पुढे धावतोय आणि तू त्याच्याकडे तोंड करून उलटा धावतोयस. तो वळला की त्याच क्षणी तूही वळायचं, त्याच्या अंगाला चिकटून पळायचं आणि त्याच्याकडे येणारा बॉल हवेतच उडवायचा. दहा वेळा बरोबर केलंस तर कुणाचं लक्ष जात नाही. एकदा चुकलास तर सगळं स्टेडियम तुझ्याकडे बघतं."

"म्हणजे आपल्या स्टोअर्ससारखंच की," शैलेंद्र म्हणाला.

नव्याण्णव सालच्या जानेवारीत, एका शुक्रवारी संध्याकाळी ॲरॉनचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज वेगळाच होता. मुलं घरात इंग्रजीच बोलत. ॲरॉन अमेरिकेत गेल्यापासून ते इंग्रजीही आणखी भरभर झालं होतं. बाप्टिस्टने त्याला दोनदा थांबवून सगळं परत सांगायला लावलं.

गोष्ट अशी होती. अमेरिकेत दर एप्रिलमध्ये व्यावसायिक टीम एकत्र येतात आणि कॉलेजातून खेळून निघालेल्या मुलांमधून आळीपाळीने आपापली पसंती जाहीर करतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात. ज्याचं नाव पुकारलं जातं, त्याच्यासाठी त्या खेळाचं मोठं दार उघडतं. ॲरॉनचा शेवटचा सीझन चांगला गेला होता, आणि एका एजंटने त्याला गाठून सांगितलं होतं की तू पाचव्या फेरीत नक्की जाणार. फक्त कॉलेजचं शेवटचं सेमिस्टर सोडून फ्लॉरिडाला ये, तिथे तीन महिने तयारी करू.

"आणि डिग्री?" ॲडेलिनने दुसऱ्या खोलीतल्या फोनवरून विचारलं.

"मम, डिग्री नंतरही करता येते."

"नंतर करू म्हणणाऱ्यांचे नोकरीचे अर्ज माझ्या टेबलावर येतात, बाळा. वीस वीस वर्षांनी, आणि डिग्री तेव्हाही नसते."

ॲरॉन म्हणाला, "डॅड, तुम्ही सगळ्या कॅसेटी बघितल्यात. तुम्हाला खरंच काय वाटतं? मी तेवढा चांगला आहे का?"

बाप्टिस्टच्या तोंडावर उत्तर आलं होतं. अरे, तुझ्यासारखा दुसरा कोण आहे! पण ते ओठांतच राहिलं. तो म्हणाला, "मला थोडे दिवस दे."

फोन ठेवल्यावर त्याने कॅसेट लावली. ॲरॉन उलटा धावत होता, वळत होता, उडी मारत होता. बाप्टिस्टला सगळंच सुरेख दिसत होतं. आणि तिथेच त्याच्या लक्षात आलं की या कामाला आपण कुचकामी आहोत. आपल्या पोराकडे बघताना बापाचे डोळे डोळे राहतच नाहीत.

"अहो, आमच्या लायब्ररीतल्या मिस ड्युगन आहेत ना," ॲडेलिन पलंगावर कपडे घड्या करत म्हणाली, "त्यांचे वडील आलेत अमेरिकेहून. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बायको मागच्या वर्षी गेली, म्हणून मुलीने इथे आणून ठेवलंय. त्यांचं काम म्हणे हेच होतं. कॉलेजं हिंडायची, मुलं बघायची आणि कोण घ्यायचा, कोण नाही ते टीमला सांगायचं."

बाप्टिस्ट उठून बसला. "आणि हे तू मला आत्ता सांगतेस?"

"आत्ताच तर कामाचं झालं."

दुसऱ्याच दिवशी बाप्टिस्ट कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, मिस्टर ड्युगनना भेटला. म्हातारा उंचापुरा, हातात काठी, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी. समुद्राकडे तोंड करून बाकावर बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं होतं की आपल्याला इथे करायला काही नाही. बाप्टिस्टने नाव सांगितलं, काम सांगितलं आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मासची प्रार्थना झाल्यावर जेवायला यायचं आमंत्रण दिलं.

"येईन," ड्युगन म्हणाले. "पण एक ऐकून ठेवा. माझं काम खरं सांगायचं होतं. तुम्ही जेवायला घातलंत म्हणून मी गोड सांगणार नाही. चालत असेल तर येतो."

"चालेल," बाप्टिस्ट म्हणाला. पण घरी येताना त्याला ते इतकं काही चाललेलं नव्हतं.

शुक्रवारी ॲडेलिनने मैद्याचे गोल, फुगीर फुगे तळले, मटणाचं आंबट-तिखट इंद्याल केलं. ड्युगन आधी कॅसेट म्हणाले, मग जेवण. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद करायला सांगितला. खुर्ची पुढे ओढली. आणि मग बाप्टिस्टने जे पाहिलं ते त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हातारा बॉलकडे बघतच नव्हता. जिथे सगळा खेळ चाललेला, तिथे त्याची नजर जातच नव्हती. पडद्याच्या कडेला, कधी कधी अर्धाच दिसणारा ॲरॉन, तेवढ्यावरच डोळे. एखादी जागा आली की रिमोटने मागे घ्यायचं, परत बघायचं, परत मागे. ॲमंडा दारात उभी राहून कंटाळली आणि निघून गेली. ॲडेलिन स्वयंपाकघरातून दोनदा डोकावली.

"बॉल कुठे आहे ते कॅमेरावाला बघतो," ड्युगन एकदाच मध्ये बोलले. "मी पोराच्या कमरेकडे बघतो. चेहरा खोटं बोलतो, खांदे खोटं बोलतात. कंबर नाही बोलत."

तिन्ही कॅसेटी संपल्या तेव्हा फुगे गार झाले होते. ड्युगननी टीव्ही बंद केला आणि गुडघा चोळत म्हणाले, "ऐका. सरळ धावण्यात पोरगा अव्वल आहे. त्यात माझ्या सांगण्याची गरज नाही. समोरच्याला आडवं करायला घाबरत नाही, हे त्याहून महत्त्वाचं. पुष्कळ वेगवान पोरं तिथे अंग चोरतात. मार खाल्ला की लगेच उठतो. उजवीकडे वळतो ते झकास."

"आणि डावीकडे?" बाप्टिस्टने विचारलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"डावीकडे वळण्याआधी तो एक पाऊल जास्त टाकतो. लहानसं. कॉलेजात चालून जातं, कारण ज्यांच्याशी तो खेळतोय ती पोरं उद्या विमा विकणार आहेत. वरच्या खेळात तेवढ्या एका पावलात समोरचा निघून गेलेला असतो. आणि बॉलसाठी मान मागे वळवतो ती उशिरा."

"म्हणजे पाचवी फेरी..."

"पाचवी नाही. सातवीही नाही. ड्राफ्टमध्ये त्याचं नाव येणार नाही, मिस्टर तुस्कानो. ड्राफ्ट संपल्यावर टीम उरलेल्या काही मुलांना फोन करून कॅम्पला बोलावतात. तसा फोन येऊ शकतो. तिथून टिकणारे फार थोडे." मग काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "मी चुकतोही. एका पोराबद्दल मी 'नको' म्हटलं होतं, तो पुढे दहा वर्षं खेळला. मी टीव्ही लावला की तोच. पण एजंट जे सांगतोय, ते विकण्यासाठी सांगतोय."

ॲडेलिन स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली. तिचा चेहरा रागावल्यासारखा दिसत होता. "तो घेतला जाईल की नाही, ते मला विचारायचं नाही. तो खेळला तर त्याला दुखापत होईल का?"

"होईल," ड्युगन म्हणाले. "कधी आणि केवढी, ते कुणालाच सांगता येत नाही. होणार नाही असं सांगणारा भेटला तर त्याला घरात घेऊ नका."

ॲडेलिनने त्यांच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग म्हणाली, "बसा. इंद्याल गरम करते." त्या दिवसापासून तिने त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर कधी शंका घेतली नाही.

जेवताना ड्युगननी विचारलं, "मुलाला मी सांगू का?"

"नको," बाप्टिस्ट म्हणाला. "त्याने मला विचारलंय."

पुढच्या शुक्रवारी त्याने फोनवर सगळं सांगितलं. चांगलं आधी, वाईट नंतर, पण काही न गाळता. डाव्या वळणाचं सांगितलं, मानेचं सांगितलं.

"म्हणजे अबुधाबीतल्या कुठल्या तरी रिटायर्ड माणसाने माझं भविष्य ठरवलं," ॲरॉन म्हणाला. "आणि तुम्ही ते ऐकून घेतलंत. डॅड, हूज साइड आर यू ऑन?"

"तुझ्याच, बाळा."

"डझंट साउंड लाइक इट." आणि फोन बंद.

त्यानंतर दोन शुक्रवार फोन आला नाही. तिसराही गेला. बाप्टिस्टचं जेवणावरचं लक्ष उडालं. मासला गेला तरी फादर काय बोलतायत ते कानावरून जाई. स्टोअर्समध्ये एकदा त्याने तीन इंची व्हॉल्व्ह मागणाऱ्याला दोन इंची दिले, तेव्हा शैलेंद्र म्हणाला, "काय बाप्टिस्टभाऊ, पोराला खरं सांगून बसलात होय? खोटं सांगितलं असतं तर निदान फोन तरी आला असता."

घरी बाप्टिस्टने ते ॲडेलिनला सांगितलं. ती म्हणाली, "फोन आला असता, आणि पोरगा फ्लॉरिडाला गेला असता. मग एप्रिलमध्ये कुणाचा आला असता? रुसलाय तो. रुसलेलं पोर परत येतं. फसवलेलं येत नाही."

पोर परत आलं ते भलत्याच वाटेने. एका संध्याकाळी ॲमंडा कॉम्प्युटरपाशी बसली होती. मोडेमची किणकिण संपली, आणि ती ओरडली, "डॅड! ॲरॉनचा मेल! तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. पण तुमच्याबद्दल आहे."

मेल छोटाच होता. त्या म्हाताऱ्याला विचार, जास्तीचं पाऊल कुठल्या पायाचं आहे? मी माझ्या कोचला दाखवलं. तो म्हणाला, हे तुला कुणी सांगितलं? मी दोन वर्षं हेच सांगतोय, पण तुला आपला वेगच दिसतो. खाली एक ओळ होती. एजंटला नाही म्हटलंय. सेमिस्टर पुरं करतोय. मॅथ्सचा पेपर भयंकर आहे. डॅडना सांग, फोन करेन.

बाप्टिस्टने ती ओळ ॲमंडाकडून दोनदा वाचून घेतली. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

"आर यू क्राइंग?" ॲमंडाने बाहेरून विचारलं.

"साबण गेला डोळ्यात."

ड्युगनना मेलचं सांगितलं तेव्हा त्यांची कळीच खुलली. "डाव्या पायाचं पाऊल. पण नुसतं तेवढं सांगून भागणार नाही. ते काढायचं कसं, ते सांगायला हवं. माझा गुडघा धड असता तर मी करून बघितलं असतं आणि नेमकं काय होतं ते शब्दांत लिहिलं असतं. आता कुणाला तरी करायला लावायला हवं." त्यांनी बाप्टिस्टला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कुठे खेळायचात म्हणालात? लेफ्ट बॅक?"

"ते सव्वीस किलोंपूर्वी."

"तुम्हाला समजेल असं मला सांगता आलं, तर त्याला नक्की समजेल."

अशा रीतीने फेब्रुवारीच्या छान गार हवेत, ऑफिस सुटल्यावर, बाप्टिस्ट तुस्कानो कॉर्निशवरच्या हिरवळीवर उलटा धावू लागला. ड्युगन बाकावरून हुकूम सोडायचे. खाली वाक. आणखी खाली. टाच उचलू नको. मी काठी आपटली की डावीकडे! काठी आपटली की बाप्टिस्ट वळायचा आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच पायात पाय अडकून बसायचा. ॲमंडा बाकाच्या टोकाला बसून सगळं टिपून घेत होती आणि मध्ये मध्ये, आपल्या ओळखीचं कुणी येत नाही ना, ते बघत होती.

तिथल्या झाडांना पाणी घालणारा वली नावाचा पठाण पाइप हातात धरून बघत उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी त्याला राहवेना. "साब, पीछे कुछ गिर गया है क्या? बोलो, मैं ढूँढता हूँ."

"कुछ नहीं गिरा, भाई," बाप्टिस्ट धापा टाकत म्हणाला. "बेटे का काम है."

वलीला त्यातलं काय समजलं कोण जाणे, पण बेटे का काम म्हटल्यावर त्याने मान डोलावली आणि त्या पट्ट्यात पाणी घालायचं तेवढं थांबवलं, म्हणजे साबचा पाय घसरायला नको.

ड्युगन रोज शब्द बदलून बघत. कंबर वळव म्हटलं की बाप्टिस्टचे पाय घोटाळत. खांदा म्हटलं की मान भलतीकडे जाई. शेवटी एका संध्याकाळी ते म्हणाले, "पायांचं विसर. मागे कुणी तरी उभा आहे, त्याला डाव्या कोपराने ढोस. बस." काठी आपटली. बाप्टिस्टने कोपर मागे ढोसलं. आणि काय आश्चर्य, कोपरामागून कंबर आली, कमरेमागून पाय आले आणि तो एकही फालतू पाऊल न टाकता डावीकडे वळून चार पावलं धावत गेला. बाकावर ड्युगननी काठी हवेत उंचावली. वलीने "वल्ला!" अशी आरोळी ठोकली.

"रायटिंग इट डाउन," ॲमंडा म्हणाली. या वेळी ती हसत होती.

मेल गेला. दोन दिवसांनी फोन आला. ॲरॉनने हॅलोसुद्धा म्हटलं नाही, सरळ म्हणाला, "डॅड, तुम्ही खरंच कॉर्निशवर बॅकपेडल केलंत? लोकांसमोर?"

"केलं. पडलोसुद्धा."

पलीकडे ॲरॉन इतका हसला की ॲडेलिनला दुसऱ्या फोनवर काय झालं ते विचारावं लागलं. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "सॉरी, डॅड. त्या दिवसाबद्दल."

"खलास. झालं ते झालं. मॅथ्सचं काय?"

मार्चमध्ये त्याच्या कॉलेजात चाचणी झाली. व्यावसायिक टीमचे परीक्षक आले होते ते खरं म्हणजे ॲरॉनच्या टीममधल्या एका धिप्पाड पोराला बघायला. पण ॲरॉन धावल्यावर त्यातले दोघे घड्याळाकडे बघून थांबले आणि त्यांनी त्याला दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा वळायला लावलं. हे ऐकून ॲडेलिनने ड्युगनना विचारलंच, "तुमच्या ओळखीचे असतील ना तिथे? एक शब्द टाका की."

"ओळखीचे आहेत म्हणूनच टाकत नाही," ड्युगन म्हणाले. "माझ्या शब्दावर बोलावलं, तर पहिल्या दिवशी तो चुकला की ते म्हणतील, म्हाताऱ्याचा माणूस. आपल्या पायांवर गेला, तर म्हणतील, पोराला एक संधी आणखी देऊ."

ॲडेलिनला ते रुचलं नाही, पण तिने त्यांच्या ताटात आणखी एक फुगा वाढला.

ड्राफ्ट एप्रिलच्या मध्यावर, शनिवार-रविवारचा. अबुधाबीत तो टीव्हीवर दिसणं शक्य नव्हतं. रविवारी संध्याकाळी ॲमंडा कॉम्प्युटरवर नावांचं पान पुन्हा पुन्हा उघडत होती, बाकीचे मागे खुर्च्या टाकून बसले होते. पाचवी फेरी आली. बाप्टिस्टने ड्युगनच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, तरी एकेक नाव उमटताना तो खुर्चीतून पुढे वाकून बघत होता. माणसाला कळलेलं असतं ते निराळं आणि त्याला हवं असतं ते निराळं. पाचवी संपली. ड्युगन उठले, बाप्टिस्टच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झोपा आता. आपल्या पोराचा खेळ हे संपल्यावर सुरू होतो," आणि आपल्या मुलीबरोबर घरी गेले.

सोमवारी सकाळी बाप्टिस्ट बुटाच्या नाड्या बांधत होता तेव्हा फोन वाजला.

"नाव नाही आलं, डॅड," ॲरॉन म्हणाला. "पण संपल्या संपल्या तीन टीमचे फोन आले. एकीला हो म्हटलंय. त्यांचे कॉर्नरबॅक म्हातारे झालेत. जूनमध्ये कॅम्प. त्याआधी डिग्री हातात."

बाप्टिस्ट एक बूट घालून, एक न घालता सगळ्या घरभर फिरला. ॲडेलिनने क्रूसाची खूण केली, मग म्हणाली, "आणि हेल्मेट चांगलं देतात का विचारा." त्या दिवशी स्टोअर्समध्ये मिठाई वाटली गेली. शैलेंद्रने पेढा तोंडात टाकत विचारलं, "म्हणजे सिलेक्ट झाला?" बाप्टिस्ट म्हणाला, "नाही झाला. बोलावलंय." शैलेंद्रला यात पेढे वाटण्यासारखं काय आहे ते कळलं नाही, पण त्याने दुसरा उचलला.

तो उन्हाळा तुस्कानोंच्या घरात फार आनंदात गेला. ड्युगनचा गुडघा बरा झाला, ते परत गेले, आणि गाडी चालवत ॲरॉनच्या कॅम्पला जाऊन एक अख्खा दिवस कुंपणाबाहेर उभे राहिले. रात्री त्यांनी फोन केला. "वळतोय," एवढंच म्हणाले. "मान अजून उशिरा. पण वळतोय."

ऑगस्टमध्ये सीझनआधीचे सामने झाले. ॲरॉन चारही सामन्यांत थोडा थोडा वेळ मैदानात उतरला. एकदा त्याने एका नामांकित गड्याकडे जाणारा बॉल बोटांच्या टोकांनी उडवून लावला, आणि एकदा दुसऱ्याच कुणी तरी त्याला सपशेल चकवून गेला. शेवटच्या सामन्यानंतर टीमने यादी कापली, त्यात त्याचं नाव कापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी ॲरॉनचा फोन आला. तो म्हणाला, "डॅड, मी ठीक आहे. सिरियसली. मला वाटलं होतं, काढलं तर मी कोसळेन. काल रात्री वाईट वाटलं. आज सकाळी भूक लागली. मी तिथे उभा होतो, डॅड. त्यांच्याबरोबर. आणि मला समजलं मी किती चांगला आहे आणि किती नाही. आता उगाच विचार करत बसायला नको."

"जेवलास का?" ॲडेलिनने विचारलं.

"दोन बर्गर."

"मग ठीक आहे तो," ती बाप्टिस्टला म्हणाली.

त्याच्या जुन्या कॉलेजच्या कोचने त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं, वर पुढच्या शिक्षणाची सोय करून दिली. आसपासच्या शाळांत जाऊन नवी मुलं बघायची, हेही त्याच्याच गळ्यात आलं. पहिल्या मुलाला खरं सांगायची वेळ आली तेव्हा त्याला दोन दिवस झोप लागली नव्हती, असं त्याने ॲमंडाला कळवलं, आणि ड्युगनना फोन करून तासभर बोलला.

नाताळला तो घरी आला. सेंट जोसेफ चर्चच्या आवारात मास सुटल्यावर वसईची माणसं त्याच्याभोवती जमली. त्याचे खांदे, त्याची उंची सगळ्यांनी हात लावून पाहिली. एका मावशींनी विचारलं, "काय रे, घेतलं नाही ना तुला शेवटी?" बाप्टिस्ट चटकन पुढे झाला, समजावायला. पण ॲरॉनने आपल्या तुटक्या मराठीत त्याच्याआधीच सांगून टाकलं, "घेतला होता, मावशी. मग सोडला. मी चांगला होता, ते लोग जास्त चांगला होता." मावशी म्हणाल्या, "मग बरोबर आहे," आणि त्याच्या गालावर हात फिरवून केक घ्यायला निघून गेल्या. बाप्टिस्टला वाटलं, एवढ्या सोप्या शब्दांत आपल्याला हे कधीच सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी चौघं उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर निघाले. ॲडेलिनने मागे इतके डबे भरले होते की ॲमंडाला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यावरून दोघींची शारजापर्यंत धुसफूस चालली. ॲरॉन पुढच्या सीटवर गुडघे डॅशबोर्डला टेकवून गाढ झोपला होता, तोंड किंचित उघडं. बाप्टिस्टने गाडीचा वेग जरा कमी केला. मागून एक पिकअपवाला हॉर्न मारत पुढे निघून गेला.

"अहो, असे हळू चाललात तर मासे गार होतील," ॲडेलिन मागून म्हणाली.

"होऊ देत," बाप्टिस्ट म्हणाला, आणि तसाच हळू चालवत राहिला.